ओठावर ताप फुटतो तेव्हा: गोळी, मलम आणि हात यांचं वेळापत्रक

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की ओठावर फोड आलेलं गिऱ्हाईक दुरूनच ओळखू येतं. तोंडावर रुमाल नाहीतर ओढणी, आणि आवाज खाली. 'ताप फुटलाय ओठावर, काहीतरी लावायला द्या.' कधीपासून, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'झाले की तीन-चार दिवस.' घोळ इथेच होतो. चौथ्या दिवशी विषाणूचं काम जवळजवळ उरकलेलं असतं. तेव्हा मलम लावा नाहीतर नका लावू, खपली आपल्या वेळेनेच पडणार. आणि पुढच्या वेळी तोच माणूस शेजाऱ्याला सांगणार, 'त्या मलमात काही राम नाही.'

कुणी याला ताप फुटणं म्हणतं, कुणी जर येणं, कुणी रात्री पाल चाटून गेली म्हणतं. पालीचा यात काही हात नाही. हा हर्पीस सिम्प्लेक्स टाइप १ नावाचा विषाणू. तो बहुतेकांना लहानपणीच, घरातल्या कुणाच्या तरी पाप्यातून मिळालेला असतो. एकदा शिरला की चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत, कानाच्या पुढे कवटीच्या आत, दडून बसतो. ऊन, ताप, जागरण, पाळी, दाताचं काम असं काही निमित्त मिळालं की मज्जातंतूवरून उतरून ओठावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालच्या दर तीन माणसांपैकी जवळपास दोघांच्या अंगात हा विषाणू आहे. त्यामुळे लाजण्यासारखं यात काही नाही. उपचार मात्र घड्याळाकडे बघून करावे लागतात.

टप्पा १: हा तोच फोड आहे ना?

औषध घेण्याआधी हे ठरवा. ताप फुटतो तो ओठाच्या कडेला, जिथे ओठाची लाली संपून चेहऱ्याची कातडी सुरू होते तिथे. आधी चुणचुण, खाज किंवा ठणका. मग लाल फुगवटा, त्यावर पाणी भरलेल्या बारीक फोडांचा घोस, मग फोड फुटून ओली जखम आणि शेवटी पिवळसर-तपकिरी खपली. हे सगळं ७ ते १० दिवसांत आटोपतं आणि पुढच्या वेळी बहुधा त्याच जागी, नाहीतर तिच्या आसपास उगवतं.

याच्याशी गल्लत होणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. तोंड येतं तेव्हा पांढरट तळाचे व्रण गालाच्या आत, जिभेखाली किंवा ओठाच्या आतल्या बाजूला असतात. ते संसर्गजन्य नाहीत आणि त्यांना ही औषधं लागू पडत नाहीत. ओठांचे कोपरे दोन्हीकडून फाटून चिघळले असतील तर ते बुरशी, लाळ, ढिली कवळी किंवा रक्तक्षय यांपैकी काहीतरी असू शकतं. मुलाच्या नाकाखाली मधासारखी पिवळी खपली पसरत चालली असेल तर बहुधा जिवाणूंचा संसर्ग आहे, त्याला वेगळं औषध लागतं. आणि चेहऱ्याच्या एकाच बाजूला कपाळापासून किंवा गालावरून पट्ट्याने फोड उठले असतील तर ती नागीण असू शकते. तिचा विषाणू वेगळा, गोळ्यांचा डोस वेगळा. दुकानात उभं राहून तो डोस ठरवू नये.

तपासा: तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री यांपैकी काही चालू असेल आणि ओठावरची किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तर तो 'ताप' समजून मलम चोळत बसू नका. दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. हे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी हसतं.

आयुष्यात पहिल्यांदाच असा फोड येत असेल तरीही एकदा डॉक्टरांना दाखवलेलं बरं. सहसा नुसतं बघून निदान होतं, रक्ततपासणी लागत नाही. तपासणीच्या पॅकेजमध्ये 'एचएसव्ही आयजीजी पॉझिटिव्ह' आलं म्हणून घाबरून रिपोर्ट घेऊन येणारे बरेच भेटतात. त्याचा अर्थ एवढाच, की हा विषाणू तुम्हाला कधीतरी भेटलेला आहे. आत्ताच्या फोडाबद्दल तो रिपोर्ट काही सांगत नाही.

टप्पा २: फोड नसताना करायची तयारी

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे, कारण हा टप्पा कुणी करतच नाही. चुणचुण सुरू होते रात्री ११ वाजता किंवा गावच्या जत्रेत. सकाळी दुकान उघडणार, दुपारी डॉक्टर भेटणार, संध्याकाळी गोळी पोटात जाणार. तोवर फोड वर आलेला असतो.

म्हणून ज्यांना वर्षातून दोन-तीनदा ताप फुटतो त्यांनी धडधाकट असतानाच डॉक्टरांकडे जावं आणि स्पष्ट विचारावं: 'पुढच्या वेळी चुणचुण सुरू झाली की लगेच घ्यायला गोळी लिहून देता का? किती, कधी, किती दिवस?' ही मागणी अवाजवी नाही. जाताना चार गोष्टी सांगा: मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का, गरोदर आहात किंवा अंगावर पाजता का, आधीची कुठली औषधं चालू आहेत, आणि प्रतिकारशक्ती कमी करणारं काही, म्हणजे केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड किंवा एचआयव्ही, आहे का. ताप फुटण्यावरच्या या गोळ्या मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. त्यामुळे मूत्रपिंड कमकुवत असेल तर डोस कमी करावाच लागतो. घरातल्या वयस्कर माणसाला सुनेची उरलेली गोळी देण्याचा उपद्व्याप यासाठीच करू नये.

मग एक छोटी डबी भरा. तिच्यात हे असू द्या:

– डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचा एक पूर्ण कोर्स, चिठ्ठीच्या झेरॉक्ससह
– अ‍ॅसायक्लोव्हिर (विषाणूला अडवणारं औषध) ५ टक्के मलमाची छोटी ट्यूब
– कापूस गुंडाळलेल्या काड्या, म्हणजे कानकोरण्या मिळतात त्याच
– पेट्रोलियम जेलीची स्वतःपुरती लहान डबी
– पॅरासिटामॉल
– एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेला लिप बाम

ट्यूब घेताना टक्केवारी वाचा. अ‍ॅसायक्लोव्हिरचं ३ टक्क्यांचं मलम डोळ्यांसाठी असतं, ओठांसाठी ५ टक्क्यांचं. खोकी दिसायला सारखी असतात आणि घाईत अदलाबदल होते. ओठाचं मलम डोळ्यात घालणं तर मुळीच नको. ट्यूब उघडली की त्या दिवशीची तारीख खोक्यावर लिहा. ती फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, पण मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका.

सावधान: दुकानदाराने 'सगळ्यावर चालतं' म्हणून स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेलं मलम पुढे केलं तर घेऊ नका. माझ्याच धंद्यातली ही वाईट खोड आहे. खोक्यावर क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन यांपैकी नाव दिसलं तर परत द्या. स्टेरॉइडने लाली आणि आग दोन दिवस दबते, माणसाला बरं वाटतं, आणि विषाणूला मोकळं रान मिळून जखम पसरते.

टप्पा ३: चुणचुण सुरू झाली, पहिला तास

ज्यांना हे नेहमी होतं त्यांना ती चुणचुण बरोबर ओळखता येते. ओठाचा एक ठिपका जागा झाल्यासारखा वाटतो. काहींना ही सूचना एक दिवस आधी मिळते, काहींना काही तासच आधी. या अवधीत विषाणू पेशींमध्ये शिरून स्वतःच्या नकला काढत असतो. अ‍ॅसायक्लोव्हिर आणि त्याची भावंडं नेमकं हेच नकला काढण्याचं काम अडवतात. निघून गेलेल्या नकलांना ती काही करू शकत नाहीत, तयार झालेली जखम भरून काढत नाहीत आणि मज्जातंतूच्या गाठीत झोपलेल्या विषाणूला तर हातच लावत नाहीत. एवढं समजलं की वेळ इतकी महत्त्वाची का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

क्रम असा ठेवा:

१. आरशात बघा, पण बोटाने चाचपू नका.
२. साबणाने हात धुवा.
३. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेली गोळी असेल तर पहिला डोस लगेच घ्या. जेवण होईपर्यंत थांबायचं कारण नाही, ती रिकाम्या पोटीही चालते. वर भांडंभर पाणी प्या.
४. गोळी नसेल तर मलम लावा.
५. वेळ लिहून ठेवा. मोबाइलमध्ये नोंद केली तरी चालेल.
६. स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून किंवा थंड पाण्यात फडकं भिजवून पाच-दहा मिनिटं ओठाला लावा. ठणका कमी होतो. बर्फ थेट कातडीवर टेकवू नका. ते फडकं लगेच धुवायला टाका.

टप्पा ४: गोळीचे हिशेब

भारतात या कामाला तीन औषधं मिळतात. खालचे आकडे मूत्रपिंड नीट असलेल्या मोठ्या माणसांसाठी डॉक्टर सहसा लिहितात ते आहेत. चिठ्ठी वाचताना ओळख पटावी म्हणून ते देतो, चिठ्ठीशिवाय घ्यावं म्हणून नाही.

व्हॅलासायक्लोव्हिर: २ ग्रॅम एकदा आणि १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम. संपलं. एका दिवसाचा खेळ. गोळी ५०० मिलिग्रॅमची असेल तर एका वेळी चार, १ ग्रॅमची असेल तर दोन. इतक्या गोळ्या एकदम बघून माणसं बिचकतात आणि 'एवढ्या नको' म्हणून एकेक गोळी चार दिवस पुरवून खातात. तिथे डोसाची पार वाट लागते, कारण सुरुवातीचा जोरदार दणका हाच या पद्धतीचा गाभा आहे. उलट बाजूने, एका दिवसानंतर आणखी पाच दिवस स्वतःहून चालू ठेवण्यातही जास्तीचा फायदा नाही.

फॅमसायक्लोव्हिर: १५०० मिलिग्रॅम, एकदाच. म्हणजे ५०० च्या तीन गोळ्या एकत्र.

अ‍ॅसायक्लोव्हिर: सगळ्यात जुनी आणि स्वस्त. २०० किंवा ४०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, पाच दिवस. पाच वेळा म्हटलं की लोकांना वाटतं रात्री उठावं लागणार. तसं नाही. जागेपणी दर चार तासांनी: सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७, रात्री ११. दुपारी ३ ची गोळी हमखास चुकते, ऑफिसात असता म्हणून. तिचा गजर लावा. चुकलीच तर आठवल्याबरोबर घ्या, पण पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका.

तिन्हींसोबत दिवसभर पाणी भरपूर प्या. डोकं दुखणं, मळमळ हे त्रास होऊ शकतात आणि बहुधा आपोआप थांबतात. वयस्कर माणूस गोळ्या सुरू केल्यावर असंबद्ध बोलू लागला, फार गुंगला किंवा लघवी कमी झाली, तर गोळी थांबवून ताबडतोब डॉक्टरांना कळवा.

किती फरक पडतो? खरं सांगायचं तर वेळेवर घेतलेल्या गोळीने साधारण एक दिवस वाचतो. मलमाने अर्धा दिवस, फार तर एक. काहींचा फोड चुणचुणीवरच विरतो, पण त्याची हमी कुणी देऊ नये. ज्याला वर्षातून एकदा इवलासा फोड येतो त्याने काहीही औषध न घेता आठवडा काढला तरी काही बिघडत नाही. चार दिवसांवर साखरपुडा आहे किंवा दर वेळी अर्धा ओठ सुजतो, त्याच्यासाठी मात्र हा एक दिवस मोलाचा.

तपासा: फोड फुटून खपली धरली असेल तर धडधाकट माणसाला गोळी सुरू करून फारसं काही हाती लागत नाही. थेट टप्पा ७ वर जा.

सावधान: अँटिबायोटिकने हा फोड बरा होत नाही. 'मागच्या वेळी अ‍ॅझिथ्रोमायसीन घेतलं आणि बरं वाटलं' असं सांगणाऱ्याला आठव्या दिवशी तसंही बरं वाटणारच होतं.

टप्पा ५: मलम लावायची रीत

मलमही पाच वेळा, दर चार तासांनी, पाच दिवस. सकाळ-संध्याकाळ दोनदा लावून त्याला नावं ठेवणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे.

१. आधी हात धुवा. ओठ पाण्याने हलकेच पुसून टिपून घ्या.
२. ट्यूबमधून गव्हाच्या दाण्याएवढं मलम कापसाच्या काडीवर घ्या. ट्यूबचं तोंड फोडाला टेकवू नका. एकदा टेकलं की ती ट्यूब घाण झाली.
३. फोडावर आणि भोवतालच्या लाल कडेवर टेकवून पसरवा. जोरात चोळू नका, चोळल्याने फोड फुटतो आणि पाणी पसरतं.
४. काडी टाकून द्या, दुसऱ्यांदा मलमात बुडवू नका.
५. पुन्हा हात धुवा. लावण्याआधी हात धुणारे पुष्कळ भेटतात, नंतर धुणारे विरळा. खरं तर नंतरचं धुणं जास्त महत्त्वाचं.

चहा-जेवण आटोपल्यावर लावा, नाहीतर निम्मं मलम पोटात जातं. ते तोंडाच्या आतल्या व्रणांसाठी नाही. लावल्यावर क्षणभर चुरचुरलं तर चालेल, भोवती पुरळ उठलं तर थांबवा.

परदेशातल्या वाचकांसाठी एवढंच: अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणारं मलम बहुधा डोकोसॅनॉल १० टक्के असतं, ब्रिटनमध्ये अ‍ॅसायक्लोव्हिर. लावायची रीत दोन्हींची हीच, पाच वेळा.

आता घरगुती उपायांबद्दल. चुना लावू नका. तो दाहक आहे, कातडी भाजते आणि वर डाग राहतो. टूथपेस्ट, चेचलेला लसूण, कापूर, मीठ हे सगळे त्याच पंक्तीत बसतात. फोड वाळल्यासारखा दिसतो कारण त्याच्याभोवतीची चांगली कातडीही जळालेली असते. साजूक तुपाने नुकसान नाही, खपली मऊ राहते. पण ते वाटीत बोट बुडवून घेऊ नका, काडीने घ्या. ती वाटी उद्या पोळीवर वाढायची असते. लायसीनच्या गोळ्यांबद्दल भरवशाचा पुरावा नाही. पैसे असतील तर घ्या, मी आग्रह करणार नाही.

टप्पा ६: पाणी भरलेले दिवस, म्हणजे हात आवरण्याचे दिवस

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून फोडात पाणी भरतं आणि फुटतं. या पाण्यात विषाणू ठासून भरलेला असतो. चुणचुणीपासून खपली पडून खालची कातडी कोरडी होईपर्यंत तुम्ही तो दुसऱ्याला देऊ शकता, आणि या दिवसांत सगळ्यात जास्त. अधूनमधून फोड नसतानाही तो लाळेत उतरतो, पण त्याला इलाज नाही.

सगळ्यात आधी तान्हं बाळ. बारशाला जमलेल्या मावश्या-आत्या बाळाचा पापा घेतात, आणि त्यातल्या एकीच्या ओठावर खपली असते. पहिल्या चार ते सहा आठवड्यांच्या बाळाला हा विषाणू लागला तर तो मेंदू आणि यकृतापर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो. मोठ्यांच्या ओठावरचा क्षुल्लक फोड आणि बाळाचा आजार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ताप फुटला असेल तर बारशाला गेला नाहीत तरी चालेल. गेलातच तर बाळाला हातात घेऊ नका. वाईट दिसेल, दिसू द्या. बाळाच्या आईलाच फोड आला असेल तर तिने हात धुवून, फोड झाकून किंवा मास्क लावून पाजावं, पापा मात्र घेऊ नये. फोड स्तनावर असेल तर त्या बाजूने न पाजता लगेच डॉक्टरांना विचारावं. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, ताप आला किंवा अंगावर फोड दिसला तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

ज्या मुलांना जुना इसब आहे त्यांनाही जपा. त्यांच्या खराब कातडीवर हा विषाणू झपाट्याने पसरतो.

मग स्वतःचे डोळे. फोडाला लागलेला हात डोळ्याला लावू नका. काजळ, आयलायनर नंतर बघू. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी या दिवसांत चष्मा लावावा. लेन्स थुंकीने ओली करायची सवय असेल तर ती कायमचीच सोडा.

मोठ्यांचं चुंबन बंद, आणि मुखमैथुनही बंद. ओठावरचा हाच विषाणू जोडीदाराच्या गुप्तांगावर फोड आणू शकतो. हे काउंटरवर कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिलं.

भांडी वेगळी ठेवून वाळीत टाकायची गरज नाही. मुख्य प्रसार थेट स्पर्शाने होतो. पण ताजी लाळ लागलेला पेला, चमचा, टॉवेल, लिपस्टिक, सिगारेट, देवळातला सगळ्यांनी फुंकायचा शंख हे त्या आठवड्यात स्वतःपुरते ठेवा. आपली तांब्या वर धरून, तोंड न लावता पाणी प्यायची जुनी रीत इथे कामाला येते. पुरुषांनी चार दिवस दाढी टाळावी, निदान ओठाजवळची. वस्तऱ्याने फोड कापला की शेजारी नवे उठतात. तालमीत जाणाऱ्या पैलवानांनी जखम भरेपर्यंत लढतीला उतरू नये, कारण मातीत आणि मॅटवर गाल, मान, कान एकमेकांवर घासतात आणि हा विषाणू तिथेही फोड आणतो.

दाताची अपॉइंटमेंट असेल तर फोन करून पुढे ढकला. ओठ ताणला की जखम फाटते, आणि डॉक्टरांनाही धोका असतो.

ठणक्यासाठी मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवून घ्यावी. सर्दीची गोळी चालू असेल तर तिच्यात पॅरासिटामॉल आधीच असतं का ते बघा, बहुतेक वेळा असतंच. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. लोणचं, ठेचा, लिंबू, चाट आठवडाभर बाजूला. दहीभात, मऊ खिचडी, गार ताक बरं पडतं.

टप्पा ७: खपली

खपली काढू नका. काढली की रक्त येतं, पुन्हा खपली धरते आणि तीन दिवस वाढतात. ती कोरडी पडून हसताना फाटते, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा काडीने पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. लिपस्टिकने झाकायचा मोह आवरा. बाहेर जायचंच असेल तर जखमांवर लावायच्या पारदर्शक चिकटपट्ट्या मिळतात, पण मलम लावलेल्या जागी त्या चिकटत नाहीत. दोन्हींपैकी एक निवडा.

मध्येच थांबून डॉक्टरांकडे जायच्या खुणा

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही किंवा धूसर दिसतंय: त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. घरातले जुने स्टेरॉइडचे थेंब तर अजिबात घालू नका, बुबुळ कायमचं खराब होऊ शकतं.

फोड ओठापुरते न राहता चेहऱ्यावर, मानेवर पसरले, किंवा बोटाच्या टोकाला नखाशेजारी दुखरे फोड आले. बोटाचा फोड नखुरडं समजून कापायला जाऊ नका.

जखमेत पू झाला, भोवती लाली आणि सूज वाढत चालली.

१० दिवस उलटून गेले तरी जखम भरायची चिन्हं नाहीत.

लहान मुलाला ताप, हिरड्या सुजून लाल, तोंडभर व्रण आणि पाणीही पीत नाही. हा त्या विषाणूशी पहिला सामना असू शकतो, तो नंतरच्या फोडांपेक्षा पुष्कळ जड असतो. मुलाचा डोस वजनावर ठरतो आणि औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर उपयोग होतो. लघवी कमी झाली असेल तर त्याच रात्री न्या.

प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कुठल्याही टप्प्याला स्वतः उपचार करत बसू नये. त्यांच्यासाठी पहिली चुणचुण म्हणजेच डॉक्टरांना फोन. खपली धरली असली तरीही.

टप्पा ८: खपली पडल्यावरचं काम

त्या आठवड्यात ओठाला टेकलेला लिप बाम आणि लिपस्टिक फेकून द्या. मग कॅलेंडरवर तीन गोष्टी लिहा: तारीख, आधीच्या दोन दिवसांत काय झालं, औषध चुणचुणीनंतर किती तासांनी घेतलं. चार-पाच नोंदी झाल्या की तुमचं निमित्त आपोआप सापडतं. कुणाला पाळीच्या आदल्या दिवशी, कुणाला मार्चअखेरच्या जागरणांनंतर, कुणाला दुपारच्या उन्हात लग्नाच्या वरातीत नाचल्यावर.

ऊन हे निमित्त असेल तर उपाय हातात आहे. एसपीएफवाला लिप बाम बाहेर पडण्याआधी लावा आणि दर दोन तासांनी, शिवाय खाऊन-पिऊन झाल्यावर पुन्हा लावा. लेह-लडाखला जाणाऱ्यांना हे हवंच. उंचावर अतिनील किरणं तीव्र असतात, थंडीमुळे ऊन जाणवत नाही आणि सहलीच्या तिसऱ्या दिवशी ओठ सुजतो. तिथे दर वेळी ताप फुटत असेल तर निघण्याआधी प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला.

वर्षात सहा किंवा जास्त वेळा ताप फुटत असेल तर दर वेळी धावपळ करण्याऐवजी रोज छोटा डोस घेण्याचा पर्याय असतो. बहुधा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा किंवा अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दोनदा, काही महिने. हा निर्णय डॉक्टरांचा, पण त्यांच्यासमोर कॅलेंडर ठेवलंत तर दोन मिनिटांत होतो.

आणि डबी उघडून बघा. गोळ्या संपल्या असतील तर नवीन चिठ्ठी घ्या, ट्यूबचं तोंड फोडाला टेकलं असेल तर ती टाका, एक्स्पायरी तपासा. डबी स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यात नको, रात्री ११ वाजता अंधारात हाताला लागेल अशा जागी ठेवा.